झोळीत टाकलेली दोन मापं

आमच्या गावात अंगणवाडीच्या संध्याबाईला कुणी शाळेतल्यासारखं 'बाई' म्हणत नव्हतं. खिचडीवाली म्हणायचे. मीही म्हणायचे, कशाला खोटं बोलू. "पोरं सांभाळायला काय शाळा शिकावी लागते? मी पाच सांभाळली, ती पण शेणघाण करता करता," असं मी तिच्याच ओट्यावर बसून तिला ऐकवलंय. ती हसायची आन् समोरच्या पोराचं नाक पुसायची.

बारावी शिकून ती गावात सून म्हणून आल्ती. अंगणवाडीत लागून अठरा वर्षं झाली. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता अंबडला कॉलेजात जातात. शाळेचे गुरुजी दिसले की वाकून नमस्कार, आन् ही दिसली की, "काय मावशी, शिजली का?"

दिवाळी झाली की आमचा सोमेश्वर आन् सून वैजंता ऊसतोडीला जातात. औंदा तीन वर्षांच्या ऋषीला माझ्याजवळ ठेवलं. निघताना वैजंता म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या जिवावर ठेवून राह्यले. पण वजन उतरलं तर मी त्याला फडावर घेऊन जाईन. मंग बोलायचं न्हाई."

फडावर पोरगं म्हणजे उघड्यावर, पाचटात, गाडीखाली झोपणार. मी म्हणलं, "जा तू बिनघोर."

संध्याबाई दर महिन्याला पोरांचं वजन घेते. तुळईला काटा टांगते, त्याला कापडी झोळी, झोळीत पोर. जे भरलं ते तोडीला गेलेल्या आयांना मोबाईलवर कळवते. दिवाळीला ऋषी साडेअकरा किलो भरला होता. डिसेंबरात अकरा. वैजंताचा लगेच फोन. मी म्हणलं, "थंडीनं आटलाय गं, भरंल."

पण पोराचे हात मला दिसत होतेच. जानेवारीच्या वजनाच्या दिवशी मला काय बुद्धी सुचली, देव जाणे. आमचे मालक अंबडच्या बाजारात भाजी विकायचे. त्यांची लोखंडी मापं मी जपून ठेवलीत. त्यातली दोनशे ग्रॅमची दोन काढली, ऋषीच्या चड्डीच्या दोन खिशांत एकेक घातलं, वरून स्वेटर. जन्मभर ज्या माणसानं मापात पाप केलं न्हाई, त्याचीच मापं.

अंगणवाडीत बायांची गर्दी. मदतनीस उषाबाईनं ऋषीला उचलून झोळीत ठेवलं. त्यानं पाय झाडले आन् आतून खण्ण वाजलं. उषाबाईनं कान टवकारले. संध्याबाईनं काट्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मी छपराकडं बघून राह्यले.

"काटा हलून राह्यला आज," संध्याबाई म्हणाली. "ऋषीचं उद्या घेते."

"सरकारचाच काटा तो!" चतुराबाई म्हणाली. "माझ्या नातीला मागल्या खेपी कमी दाखवलं, तवाच म्हणलं होतं मी, तुझा काटा खोटा हाय."

सगळ्या हसल्या. संध्याबाईनं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. माझ्यासाठी.

संध्याकाळी ती काटा घेऊन माझ्या दारात. दार लोटून म्हणाली, "माय, काढा बाहेर."

मी मापं काढून तिच्या हातावर ठेवली. ऋषीला उघडा करून झोळीत घातला. दहा किलो आठशे.

मी पदर पसरला. "संध्या, अकराच लिही. तुला काय फरक पडतो?"

"मला फरकच पडतो. अकरा लिहिलं तर साहेब खूश, वैजंता खूश. पोरगं तेवढं वाळंल." मंग तिनं विचारलं, "सकाळी काय देता याला?"

"चहा-बिस्कीट. लई आवडतं."

"दहा वाजता?"

"रडला तर चहा-बिस्कीट."

"दुपारी?"

मी चुलीवरच्या चहाच्या पातेल्याकडं बघितलं. आपल्याच तोंडून ऐकलं की कळतं. मला वाटायचं, दुकानाचं खातंय म्हणजे लाडात वाढतंय.

"चहानं भूक मरती माय. मंग ते माझ्याकडंही जेवत न्हाई, नुसतं ताटात बोटं फिरवतं," ती म्हणाली आन् तिथंच वैजंताला फोन लावला. खरं वजन सांगितलं. मंग फोन माझ्या कानाला लावला. मापाचं ती काहीच बोलली नव्हती. ते माझ्यावर सोडलं होतं. मी सांगून टाकलं, चहाचं आन् मापाचं पण.

वैजंतानं एवढंच विचारलं,

"मामंजीची मापं, आत्याबाई?"

"व्हय."

"एक महिना देते. संध्याबाई हाय म्हणून. पुढच्या वजनाला वाढला न्हाई तर मी येतेच न्यायला."

दुसऱ्या दिवसापासून चहाचं पातेलं माझ्यापुरतं. सकाळी ऋषीला ज्वारीची भाकर दुधात कुस्करून. पहिले चार दिवस त्यानं घर डोक्यावर घेतलं. अंगणवाडीत मी सोबत बसायला लागले, म्हणलं बघू तरी ही काय करती. बावीस पोरं. एकाला दुसरं चावलंय, एकीनं ओलं केलंय, एक दारातून पळून राह्यलं. आन् ही गाणं म्हणता म्हणता त्यांच्याकडून चिंचोके मोजून घेती. ऋषीला तिनं भरवलं न्हाई. दोन खादाड पोरांच्या मधी बसवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्या ताटातलीच खिचडी उचलली. मी ओरडणार, तर तिनं डोळ्यानं दटावलं. दोन तासांत माझी कंबर धरली. ती दुपारी पोरं घरी लावून वर गरोदर बायांच्या घरी चक्कर मारून आली.

मंग फेब्रुवारीचं वजन. मीच ऋषीचे कपडे काढले, कमरेचा चांदीचा करदोडा पण सोडला. बाया हसल्या. चतुराबाई म्हणाली, "नागडा केला तरी काटा तर तोच की गं!"

संध्याबाईनं माझ्याकडं हात केला. "माय, ती मापं आणलीत का?"

सकाळीच तिचा निरोप आल्ता, म्हणून आणली होती. तिनं रिकाम्या झोळीत दोन्ही टाकली. काटा बराबर चारशेवर थांबला. चतुराबाईनं जवळ येऊन बघितलं, आन् मागं सरली.

मंग ऋषी. अकरा किलो तीनशे.

मी संध्याबाईला म्हणलं, "बाई, आता वैजंताला मीच फोन लावते." पहिल्यांदाच बाई म्हणलं, ती वहीत लिहून राह्यली होती, तिनं ऐकलं का न्हाई ठाऊक न्हाई. वैजंतानं वजन दोनदा विचारून घेतलं. मंग म्हणाली, "राहू द्या तिथंच. पाडव्याला येते."

मापं मी परत मागितली न्हाईत. ती अंगणवाडीतच असतात. वजनाच्या दिवशी झोळीत आधी ती बसतात, मंग पोरं.