भाऊजींचे तीनशे अकरा खाके

आमचे भाऊजी माणूस समोर आला की आधी त्याच्या खांद्यांकडे बघतात, तोंडाकडे नंतर. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा ताईशी एक शब्द बोलायच्या आधी त्यांनी आमच्या वडिलांना सांगून टाकलं, "तुमच्या कोटाची उजवी बाही अर्धा इंच लांब आहे." वडिलांचा पारा चढला, ताईला हसू आवरेना, आणि तिने त्याच दिवशी मनात काय ठरवायचं ते ठरवलं.

भाऊजी शिंपी. गिऱ्हाईक त्यांना मास्तर म्हणतं. पण दुकानात टांगलेला कपडा अंगाला बरोबर बसतो अशा माणसांचं त्यांच्याकडे काही काम नसतं. पाठीला बाक असलेली बँकेतली बाई, एक हात कोपरापर्यंतच असलेला घड्याळजी, चाकाच्या खुर्चीतले वकीलसाहेब, ज्यांचा कोट बसल्यावर पोटावर गोळा होऊन चालत नाही. अशांचे कपडे ते बेततात. घराच्या मागच्या खोलीत खिडकीशी एक लांबलचक टेबल आहे, त्यावर कात्र्या, खडू, लोखंडी वजनं. माप घेताना ते कधी कुणाला "इथे जरा वेगळं आहे" असं म्हणत नाहीत. नुसता आकडा सांगतात. लोक त्यासाठीच येतात असं माझं मत आहे.

प्रत्येक माणसाचा खाका, म्हणजे कपडा बेतायचा कागदी नमुना, एकच असायचा, हा त्यांचा कडक नियम. तरुणपणी ते गणवेशाच्या कारखान्यात होते. तिथे एका कोटाचा खाका दुरुस्त केला, पण जुना कुणी फाडला नाही. दोन्ही एकाच खिळ्याला लटकले आणि चाळीस कोटांच्या बाह्या आखूड निघाल्या. तेव्हापासून भाऊजींनी कानाला खडा लावला. नवा खाका झाला की जुना त्याच क्षणी फाडायचा. दोन खाके म्हणजे घरात दोन घड्याळं, ते म्हणायचे, खरी वेळ कुणालाच कळत नाही.

आठ वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काही झालं. वाढणार नाही, पण गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कागदावरची बारीक रेघ दिसेना. मी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेली. मीच म्हटलं, भाऊजी, कॉम्प्युटर घ्या, पडद्यावर रेघ हवी तेवढी मोठी करता येते. दोन वर्षं दर रविवारी बसून आम्ही सगळे खाके त्यात चढवले. एकेक चढला की भाऊजी कागद फाडायचे. मी बघत होते, बोलले नाही.

माझी चूक इथेच. भाऊजी घरच्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर फाइल नेताना कधीच कॉपी करत नसत, कट करत. कॉम्प्युटरवर काही मागे राहिलं की त्यांना चैन पडायची नाही. रिसायकल बिनसुद्धा रोज झाडून रिकामा. हळूहळू सगळेच्या सगळे खाके त्या एका पेन ड्राइव्हवर जाऊन बसले, आणि ते कामही थेट त्यावरच उघडून करू लागले. मी एकदा सांगितलं, "भाऊजी, दुसरीकडे एक प्रत ठेवा." ते म्हणाले, "आणि चुकून तीच छापली तर?" मी हात झटकले. शहाण्याला समजावण्याचा कंटाळा केला, त्याची शिक्षा मला त्या शनिवारी मिळाली.

सकाळी अकराला त्यांचा फोन आला. ते नकाशे छापणाऱ्या दुकानात उभे होते. एवढ्या मोठ्या कागदावर खाके तिथेच छापून मिळतात.

"अगं, इथला माणूस विचारतोय, ड्राइव्ह फॉरमॅट करू का. कॉम्प्युटरच तसं सांगतोय म्हणे. करू दे का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"भाऊजी, हात लावू देऊ नका! काही दाबायचं नाही, 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही, काही नाही! ती खिडकी बंद करायला सांगा, ड्राइव्ह काढा आणि खिशात ठेवून सरळ घरी जा."

"एवढं काय झालं?"

"फॉरमॅट म्हणजे टेबल साफ, भाऊजी. सगळं."

मग ते म्हणाले, "बरं झालं विचारलं. दुसऱ्याच्या कापडावर न विचारता कात्री चालवायची नाही, एवढं कळतं मला."

मी पोचले तेव्हा ते टेबलाशी बसले होते आणि ताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. काय झालं होतं ते विचारलं. वकीलसाहेबांच्या कोटाचा खाका सेव्ह केला, दुकानात गर्दी व्हायच्या आत पोचायचं म्हणून ड्राइव्ह तसाच उपटला.

"दिवा लुकलुकत होता का?"

"होता बहुतेक."

"भाऊजी! दिवा लुकलुकतोय म्हणजे आत लिहिणं चाललंय. तुम्ही कापड कापताना कुणी टेबल ओढलं तर?"

"तर मी त्याला घराबाहेर काढीन," भाऊजी म्हणाले, आणि मान खाली घातली. मला लगेच वाईट वाटलं. पण ओरडायचं मी थांबवलं नाही, कारण ओरडताना माझे हात थरथरत नाहीत.

त्यात त्यांच्या कॉम्प्युटरची अवस्था! चार तोंडांचा एक स्वस्त यूएसबी जोड समोरच्या खाचेत खुपसलेला. त्यालाच माउस, प्रिंटर, ताईच्या मोबाइलची वायर आणि टेबलावरचा चिमुकला पंखा. एवढ्या सगळ्यांना एकाच खाचेतून वीज कशी पुरणार? मी पंखा उपटला, मोबाइल उपटला, आणि ड्राइव्ह मागच्या बाजूला थेट मूळ खाचेत लावला. कधीकधी एवढ्यानेच काम होतं. या वेळी झालं नाही. पुन्हा तोच प्रश्न: फॉरमॅट करायचं का?

"गेलं का गं?" ताईने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

भाऊजी शांतपणे बोलले. "तीनशे अकरा आहेत. आता एक नवा खाका काढायला मला तीन दिवस लागतात, तेही डोळे बरे असले तर. हे गेलं असेल तर मागची खोली बंद. वकीलसाहेबांना काय सांगायचं तेवढं तू सांग, माझ्याने होणार नाही." एवढं एका दमात बोललेले भाऊजी मी कधी पाहिले नव्हते. बाकाची ती बँकेतली बाई दुसरीकडे कुठे जाणार होती? मलाच रडू फुटायला आलं.

मी घरून माझी बाहेरची हार्ड डिस्क आणली होती. पहिला नियम, बिघडलेल्या ड्राइव्हवर काहीही लिहायचं नाही, दुरुस्तीचा प्रोग्रामसुद्धा त्यावर उतरवायचा नाही. आधी त्याची जशीच्या तशी प्रत माझ्या डिस्कवर घेतली, आणि मग शोधाशोध त्या प्रतीत सुरू केली. भाऊजी बघत होते. "म्हणजे तूसुद्धा आधी प्रतच काढलीस," ते म्हणाले. मी म्हटलं, "आता बोलू नका." ताईने जेवायला वाढलं, कुणी धड जेवलं नाही.

साडेतीनला पडद्यावर पहिली फाइल उमटली. मग दहा. मग भराभर. ताई मोठ्याने मोजायला लागली आणि साठच्या पुढे मोजणं सोडून तिने माझा गालगुच्चाच घेतला, मी छप्पन्न वर्षांची असून. पाच वाजेपर्यंत चारशे चौऱ्याऐंशी फाइली. माझा जीव भांड्यात पडला. भाऊजी उठले, नळावर जाऊन तोंड धुतलं, परत आले, पुन्हा गेले आणि पुन्हा धुऊन आले.

"पण तीनशे अकराच होते," ते म्हणाले.

"तुम्ही पुसलेले जुनेही वर आलेत. पुसलं म्हणजे लगेच जात नाही, नुसती पाटी काढून घेतात. वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर आत तसंच राहतं. आणि भाऊजी, एक वाईट बातमी आहे. नावं गेली."

खरी पंचाईत ती होती. प्रत्येक फाइलीचं नाव म्हणजे नुसता आकडा. आणि खाक्यात आत कुणाचंही नाव भाऊजी मुद्दाम लिहीत नसत. छापलेला कागद दुकानात दहा जणांच्या नजरेखालून जातो, कुणाच्या अंगाची मापं नावानिशी कशाला जायला हवीत, म्हणून. मी कपाळाला हात लावला. भाऊजींनी मात्र खुर्ची पुढे ओढली.

"पहिली उघड."

पडद्यावर पाठीचा एक तुकडा आला. मला त्यात नुसत्या रेघा दिसत होत्या. भाऊजी नाक काचेला टेकवून दोन क्षण थांबले. "बँकेतली बाई. हा डावा खांदा बघ, पाऊण इंच खाली. पुढची." पुढची उघडली. "घड्याळजी. बाहीला आतून खिसा आहे ना? त्याला भिंग ठेवायला." त्यांना नाव सांगायला फाइल उघडण्याइतकाही वेळ लागत नव्हता. तोंडं विसरणारा माणूस, गल्लीतल्या लोकांना रोज नव्याने नमस्कार करतो, आणि इथे खांद्याच्या एका उतारावरून अख्खा माणूस ओळखत होता! मी लिहीत होते, ताई गिऱ्हाइकांच्या वहीत खूण करत होती. मध्येच वकीलसाहेबांचा कोट निघाला, तेव्हा भाऊजींनी त्यांना स्वतः फोन लावला आणि म्हणाले, "थोडा उशीर होईल, पण होईल."

सगळा रविवारही त्यातच गेला. प्रत्येक खाका तीन ठिकाणी चढला: त्यांच्या कॉम्प्युटरवर, नव्या हार्ड डिस्कवर, आणि एक प्रत माझ्या घरी. पेन ड्राइव्हवर फक्त छापायचं तेवढंच, छापून आलं की पुसायचं. भाऊजी कुरकुरले. मी म्हटलं, "दोन घड्याळांची भीती वाटते ना? मग प्रत्येक नावापुढे वर्ष घाला. कपडा नेहमी शेवटच्या वर्षाचाच बेता." हे त्यांना पटलं. आठ वर्षांपूर्वी मला सुचलं असतं तर! शिवाय ड्राइव्ह काढताना आधी कॉम्प्युटरला सांगायचं, दिवा विझू द्यायचा, मगच हात लावायचा, हे मी त्यांच्याकडून दहा वेळा करवून घेतलं. दहाव्या वेळी ते म्हणाले, "आता ड्राइव्हलाच विचार, त्याला कंटाळा आला का."

जुन्या पुसलेल्या खाक्यांबद्दल मात्र ते कुरकुरत नव्हते. उलट हौसेने बघत होते. एका मुलीच्या पाठीचे सहा खाके निघाले, सहा वर्षांचे. बाक दर वर्षी थोडा कमी. "हे मी फाडत होतो," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी उन्हं कलली तेव्हा एक खाका उघडला आणि भाऊजी काही बोलेनात. मी थांबले. मला वाटलं, अखेर एक अडला. ताई वहीवरून वर बघत म्हणाली, "कोण आहे?"

"तू," भाऊजी म्हणाले.

पाच वर्षांपूर्वी ताईचा डावा स्तन काढावा लागला होता. ती घरी आली त्याच संध्याकाळी भाऊजींनी तिचं नवीन माप घेतलं, नुसता आकडा सांगत, आणि तिच्यासाठी असे कपडे बेतले की आजतागायत कुणाला काही कळलेलं नाही. त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. पडद्यावर होता तो त्याच्या आधीचा खाका. दोन्ही बाजू सारख्या.

भाऊजींचा हात डिलीटच्या बटणाकडे गेला. ताईने तो वरच्या वर धरला.

"असू द्या हो," ती म्हणाली. "तीही मीच होते."

मी उगाच वायर गुंडाळत बसले. भाऊजींनी मोकळ्या हाताने कीबोर्ड जवळ ओढला.

"नाव काय देऊ?"

"माझंच द्या. पुढे वर्ष घाला."

भाऊजींनी एकेक अक्षर शोधत नाव टाइप केलं आणि पुढे वर्ष घातलं, सगळं एकाच हाताने, कारण दुसरा तिने अजून सोडला नव्हता.