विडीपुरती सुट्टी

विडीचा वास आला की मला अजून मळमळतं. त्यातही ओल्या इरल्यात कोंडलेला तो वास, शी! भाताच्या लावणीला दिवसभर चिखलात वाकायचं, डोक्या-पाठीवर बांबूचं, पानांनी शाकारलेलं इरलं आणि वर पाऊस. कंबर सरळ करायला एकच सबब चालायची, विडी. ती विझेपर्यंत बांधावर बसलं तरी कोणी बोलत नसे. रिकाम्या हातानं उभा राहिला तो आळशी. त्यामुळे आमच्या वाडीतली पोरं विडी शिकली ती चवीसाठी नव्हे, कंबरेसाठी.

मीही शिकायला गेलो. इरल्यात धूर कोंडला, डोळे-नाक वाहायला लागलं आणि नुकत्याच लावलेल्या रोपांवर सकाळची भाकरी बाहेर आली. माझे चुलते, म्हणजे आबा, म्हणाले, "खत घातलंस व्हय रं? बरं केलंस." माझं शिक्षण तिथंच संपलं.

त्यांचा मुलगा, आमचा दादा, मात्र सोळाव्या वर्षीच पक्का तयार. बोटं पिवळी, दातांवर कीट. आम्ही एका घोंगडीत झोपायचो. तो खाकरला की माझ्याच घशात काहीतरी चिकटल्यासारखं व्हायचं. आणि हाच आमच्या हुतूतूचा हुकमी गडी! शेजारच्या औंढे गावच्या पोरांशी सामना ठरला होता. दादाला आपल्या संघात घ्यायचं का, ते बघायला लोणावळ्याची मंडळी येणार होती. महिनाभर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

खेळाआधी त्यानं लागोपाठ विड्या ओढल्या. "छाती गरम ऱ्हाती, दम टिकतो," हे आबांचं शास्त्र. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी बाद होऊन बाहेर बसलो होतो, त्यामुळे पुढचं अगदी जवळून दिसलं. दादानं एकाला शिवलं, मागं वळला आणि 'हुतूतू'च्या जागी घशातून नुसती घरघर निघाली. मग खोकला. दम तुटला तसा चौघांनी धरला. तेवढ्यात त्याच्या तोंडातून बेडका पडला, चिकट, काळपट पिवळा, नेमका मधल्या रेषेवर. धरणारेच किळसून बाजूला झाले.

"आरं सोडा, लय म्हातारा हाय ह्यो!" औंढ्याचा एक जण ओरडला.

सगळे हसले. लोणावळ्याची मंडळी हसली नाहीत. नाकाला रुमाल लावून ती निघून गेली.

पुढच्या लावणीला दादा मधेच बांधावर जाऊन ताठ उभा राहिला, रिकाम्या हातानं.

"का रं उभा?" आबा ओरडले.

"विडीची सुट्टी."

"आन् विडी कुटंय?"

"विडी न्हाई. नुसती सुट्टी."

आबांना बरंच काही बोलायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली. वाकले, खाकरले आणि खाचरातल्या पाण्यावरून एक तसाच बेडका तरंगत माझ्या पायाशी आला. मी एका उडीत बांधावर.

"आता तू कुटं चाललास?"

"सुट्टी," म्हणालो, आणि दादाशेजारी कंबर ताठ करून उभा राहिलो.