बाबांची शिंदीची टोपी

अल्लीपूरकडच्या आमच्या गावात नाल्याच्या काठी शिंदीची झाडं आहेत. दरवर्षी अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी बाबा तिथून शेंड्यातली, अजून न उघडलेली झावळी काढून आणत, तिची पाती चिरून भिजवत आणि स्वतःसाठी रुंद काठाची टोपी विणत. उघडलेलं पान त्यांना चालत नसे. ते कडक होतं, वळवलं की मोडतं. आणि एका झाडाची एकच झावळी घ्यायची, नाहीतर झाड मरतं, म्हणत. मी वर्धेहून आणलेल्या कापडी टोप्या ते आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत आणि खुंटीला लावून ठेवत.

मग त्यांना लकवा मारला. सावंगीच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे. व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी शेळीपुढे टाकला. दिवसभर भिंतीकडे तोंड. हा माणूस असाच संपणार, ही धास्ती आम्हा दोघींनाही होती. आई ती बोलत नव्हती. मी मात्र घर डोक्यावर घेत होते.

एका सकाळी आई नाल्यावरून झावळी घेऊन आली. पाती भिजवली आणि बाबांच्या उजव्या बाजूला चिकटून बसली. डाव्या हाताने ते, उजव्याने ती. तिला विणायचं काही म्हणजे काही येत नव्हतं. वीण सैल पडली की बाबा कोपराने ढोसत आणि उसवायला लावत. सगळा उन्हाळा त्यात गेला. काठ एका बाजूने वर गेला होता, पण बाबा ती टोपी घालून, काठी टेकत, पारापर्यंत जाऊन आले. त्या दिवशी मी आनंदाने रडले.

पोळ्यानंतर दुसरा झटका आला आणि ते गेले. अंगणात तिरडी बांधून झाल्यावर काकांनी खुंटीवरची शिंदीची टोपी काढली. दादाची आहे, दादासोबत जाऊ दे, म्हणाले. सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं.

आईने टोपी त्यांच्या हातातून घेतली.

"त्याइले आता ऊन लागत नाई," ती म्हणाली. "मले वावरात जा लागते."

तेरवी झाल्यावर ती निंदायला निघाली. टोपी तिला मोठी होत होती, म्हणून आधी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वरून टोपी बसवली. मी दारातच उभी होते. फाटकाशी ती थांबली.

"पुढच्या अखजीले येजो," म्हणाली. "डाव्या बाजूले बसाले कोणी पाह्यजे."