प्रकाशाविना काढलेला फोटो घेऊन वालूरला

सोमवारी पीएचडीच्या सरांना, निबंध छापायला पाठवा असं 'हो' कळवायचं होतं, आणि मी शुक्रवारी पहाटे पुण्याहून जालन्याची एसटी धरली. वालूरच्या मामांना डोळ्यांसमोर काळा ठिपका दिसतो, त्यांना परभणीला दाखवायचं, हे निमित्त. खरं तर मी पळून चालले होते.

माझं काम अवकाशातल्या चित्रांचं, पण प्रकाशाविना काढलेल्या. पृथ्वीभोवतीचे विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात अडकून गिरक्या घेत असतात. एखाद्या कणाने वाटेतल्या थंड अणूचा इलेक्ट्रॉन हिसकावला की त्या कणाचा भार जातो आणि तो साधा अणू होऊन त्याच वेगात सरळ सुटतो. असे अणू कुठून आले, यावरून उपग्रहावरचा कॅमेरा चित्र जुळवतो. माझ्या चित्रात एक तेजस्वी ठिपका सापडला होता. त्यावर शोधनिबंध तयार होता, आणि निबंधावर माझी पीएचडी. पण तो यंत्राचाच दोष असला तर?

जालन्याला गाडी बदलली. देवगाव फाट्यावर दहा रुपयांचा चहा आणि गरम भजी मिळतात. मी नुसता चहा घेतला. पुढे सेलू, आणि तिथून वालूरची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा हाताशी वेळ ठेवा.

संध्याकाळी ओट्यावर मामा म्हणाले, "मोबाईलमदी काय बघायलीस सारखी?"

मी चित्र दाखवलं, समजावलं.

"उजेडाबिगर फोटू? लय भारी! मंग ह्यो ठिपका खरा हाय का?"

"तेच कळत नाही, मामा."

"माझा मला कळला की. आधी वाटलं भिंतीवर हाय. मान वळवली तर त्यो बी संगं आला. म्हनलं, डोळ्यातच हाय."

मला धडकीच भरली. उपग्रहाने मध्यंतरी कूस बदलली होती. ठिपका अवकाशातला असेल तर जागेवर राहणार, कॅमेऱ्यातला असेल तर कॅमेऱ्याबरोबर वळणार. वळल्यानंतरची ती माहिती तीन आठवडे माझ्याकडे पडून होती. भीतीने मी ती उघडलीच नव्हती.

शनिवारी परभणीत दवाखान्यात दुपारी नंबर लागला, सकाळीच जा. वयाने होतं असं, घाबरू नका, डॉक्टर म्हणाले. मामांनी बाहेर येऊन दोन प्लेट पोहे खाल्ले.

रविवारी पुण्याला घरी पोचताच ती फाईल उघडली. ठिपका कॅमेऱ्याबरोबर वळला होता. खूप रडले. मग सरांना लिहिलं, निबंध पाठवू नका.

सरांचं उत्तर अजून नाही. मामांचा फोन मात्र आला.

"खरा निघाला का?"

"नाही, मामा. दीड वर्षाचं काम वाया गेलं."

मामा म्हणाले, "बरं झालं माय, तूच बघितलंस."