काचेवरचं कुंकू

बंगळूरला राजाजीनगरात आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे. पंधरा ऑगस्टला तिथल्या भिंतीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या फोटोंना हार घालायचे आणि काचेवर, कपाळाच्या जागी, कुंकवाचं बोट टेकवायचं अशी पद्धत आहे. ते काम आईकडे. कुंकवाचा करंडा धरून मी तिच्या मागे.

शेवटचा फोटो आपांच्या अब्बांचा. गळ्याशी बंद कोट, टोपी, उन्हामुळे एक डोळा बारीक झालेला. ते बेळगावकडचे पुढारी. मराठीतून सभा घ्यायचे, तुरुंगात जाऊन आले. फाळणीच्या वेळी भाऊबंद निघून गेले, हे राहिले. म्हातारपणी मुलीकडे बंगळूरला आले. हॉलची पायाभरणी झाली तेव्हा भाषण त्यांचंच झालं, म्हणून त्यांचा फोटो आमच्याकडे.

त्यांची ही मुलगी, ज्यांना सगळे आपा म्हणतात, चिकपेटात लेकाच्या कापडदुकानाच्या वर राहतात. दर वर्षी यायच्या. झेंडावंदन, उप्पीट, चहा. लोक पांगले की फोटोपाशी जाऊन पदराच्या टोकानं कुंकू पुसायच्या. आई बघायची. पुढच्या वर्षी पुन्हा लावायची.

"त्या पुसतात, मग लावतेस कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"सगळ्यांना लावायचं आणि त्यांना तेवढं सोडायचं? बरं दिसतं का ते?"

आपांनाही विचारलं. त्या हसल्या. "लावू दे की गे तिला. मी पुसते. आमचं दोघींचं बरं चाललंय."

यंदा हॉलला रंग दिला. फोटो उतरवले, परत लावले, आणि अब्बांचा तेवढा आतल्या खोलीत घडीच्या खुर्च्यांमागे राहिला. पंधरा ऑगस्टच्या आधी आपांचा फोन आला. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"अब्बा भिंतीवर आहेत का, बघून सांग. नसतील तर मी येत नाही. इतका जिना उतरून मोकळा खिळा बघायला कोण येतंय?"

त्याच पुढे बोलत राहिल्या. "अब्बा जेलनं दमले नाहीत गं. भायेर आल्यावर दमले. आमचे लोक म्हणायचे, हा हिंदूंचा झाला. हिंदू विचारायचे, तुम्ही अजून इथंच? निवडणुकीला उभे राहिले तरी आधी तेच सांगायचं, मी इथला. शेवटी शेवटी सभेहून आले की कोट पण काढायचे नाहीत, तसेच बसून राहायचे."

मंडळात मी सहसा बोलत नाही. शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच अडखळते आणि मग समोरचे माझं वाक्य पूर्ण करतात. तरी त्या संध्याकाळी आईबरोबर गेले. नवीन सेक्रेटरी पुण्याहून इथे नोकरीला आलेले, माणूस वाईट नाही. टेबलावर हार मोजून ठेवत होते.

"अगं, त्यांच्याच सेंटिमेंट्ससाठी काढला," ते म्हणाले. "त्या कुंकू पुसतात म्हणे. उगाच इश्यू व्हायला नको."

"इश्यू नाहीये काका. आई लावते, त्या पुसतात."

"म्हणजे प्रॉब्लेम आहेच ना?"

"नाही. म्हणजे..." माझं वाक्य तिथेच अडकलं. "त्यांनी कधी तक्रार केली? फोटो काढल्यावर केली. त्या येणार नाहीत म्हणाल्या."

त्यांनी हातातला हार खाली ठेवला. "बरं, फोटो लावू. पण त्यांना कुंकू नको."

"मग कुणालाच नको," आई म्हणाली.

हे त्यांना चालणार नव्हतं. त्यांनी कपाळ चोळलं. "सरी, सरी," ते म्हणाले. म्हणजे बरं, बरं; कन्नडमधलं तेवढंच त्यांना येतं. "लावा. काही झालं तर माझ्याकडे येऊ नका."

खिळा नवीन ठोकला तो जरा वर, पंख्याच्या बटणांशेजारी. पंधरा ऑगस्टला आपा आल्या, काठी टेकत. भिंतीकडे एकदा बघितलं आणि कडेच्या खुर्चीवर बसल्या. उप्पीट अर्धंच खाल्लं. आईनं बाकीच्यांसारखंच अब्बांनाही कुंकू लावलं, खुर्चीवर चढून.

लोक गेले. आपा फोटोखाली जाऊन उभ्या राहिल्या. हात वर केला, फ्रेमच्या खालच्या कडेलाही पोचला नाही.

"आता काय गे. अब्बा उंच गेले."

मी खुर्ची ओढली, वर चढले. माझ्या ओढणीच्या टोकानं काच पुसली.

"रगडू नको. हळू."

टोक लाल झालं. बारीक झालेला डोळा जवळून वेगळाच दिसत होता, झोप न झालेल्या माणसासारखा. आई पलीकडे प्लेटा गोळा करत होती, आमच्याकडे न बघता.

"पुढच्या वर्षी परत विचारावं लागेल का गं, अब्बा भिंतीवर आहेत का?" आपांनी खालून विचारलं.

"लागलं तर मी विचारीन," मी म्हटलं. खाली उतरले आणि खुर्ची बाकीच्यांवर रचून ठेवली.