विमानाच्या पंखाला खिसा

गेल्या रविवारी आमच्या अंबरनाथच्या वाचनालयात विमानं उतरली... कागदी. मी जमवलेल्या जुन्या एअर शोच्या पोस्टर्सचं प्रदर्शन होतं. संस्कृतच्या मास्तराला विमानांचा नाद म्हटल्यावर पुष्पक विमान किती अ‍ॅव्हरेज द्यायचं, हे सगळ्यांचं विचारून झालंय.

ही पोस्टर्स मात्र लाकडी सांगाड्यावर कापड ताणून विमान करायचे त्या काळातली. एकावर एक दोन पंख, गॉगलवाला वैमानिक, खाली माना वर करून उभी गर्दी. मध्ये ठेवायला तसंच एक मॉडेल हवं, म्हणून मी बांबूचा सांगाडा केला... आणि कापडासाठी बुवापाड्यात थोरल्या बहिणीकडे, मंदाताईकडे गेलो.

ताई उल्हासनगरच्या जीन्सचं काम घरी आणून करते. तिथे एका पँटवर दहा हात फिरतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं. ताईच्या वाट्याला फक्त मागचे खिसे, वर्षानुवर्षं.

पंख तिने मांजरपाटाचे शिवले, ढोलकीसारखे ताठ. पण रविवारी सकाळी ताईबरोबर वाचनालयात नेताना रिक्षात अडकून वरचा पंख फाटला. लोक यायला लागलेले... ताईने पिशवीतून जीन्सचा तुकडा काढला आणि तिथेच ठिगळ लावायला बसली.

झाल्यावर दोघांनी पाहिलं. पंचकोनी, नारिंगी दोऱ्याची दुहेरी शिलाई, वरची बाजू उघडी... पंखाला चक्क जीन्सचा खिसा लागला होता.

ताईचा चेहरा उतरला. "हात आपोआप गेला रे. थांब, उसवते. शिकलेल्या लोकांत हसं होईल तुझं."

"मग वैमानिकाने रुमाल कुठे ठेवायचा?"

"पंडित, मस्करी नको. उसवू ना?"

"हात लावू नकोस," म्हटलं. एका कार्डावर 'पंखांची शिलाई : मंदाताई, बुवापाडा' असं लिहिलं आणि त्याच खिशात सरकवलं. आजवर तिच्या खिशांवर दुसऱ्यांचीच लेबलं लागली होती...

दुपारी पोस्टर्स सोडून गर्दी पंखापाशी. उल्हासनगरचे एक सिंधी काका वाकून शिलाई बघत म्हणाले, "ये तो अपने इधर का हाथ है."

मागच्या खुर्चीतून ताई उठली. "मेरा है," म्हणाली. सकाळी उसवायला निघालेली बाई.

परतताना मॉडेल रिक्षात तिनेच मांडीवर धरलं, कुणाला हात लावू दिला नाही. प्रदर्शन माझं होतं, असं काही लोकांना अजूनही वाटतं...