चार महिन्यांची सुई

गुरांच्या दवाखान्यात तीस-पस्तीस वर्षं काढली की किस्से साचतात. शेण रोज उचललं जातं, किस्से तिथेच राहतात. चहाच्या टपरीवर मंडळी मला म्हणतात, जगदेवराव, एखादा सांगा. मी सहसा सांगत नाही. हसवणं मला जमत नाही. हे लिहितो आहे ते डॉक्टर आता नाहीत म्हणून, आणि यातल्या काही गोष्टी माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाहीत म्हणून.

डॉक्टर म्हणजे डॉ. शकील. मूळचे रोहिणखेडकडचे. त्यांनी जानेफळला बाजाराच्या रस्त्यावर दोन खोल्या घेऊन गुरांचा खाजगी दवाखाना घातला. मी तिथे ड्रेसर. जनावर धरायचं, जखम धुवायची, सुया उकळायच्या. शिक्षण चौथी. पण अक्षर असं की तलाठी पाहून गप्प बसायचा. दवाखान्याच्या दारात एक फळा होता. त्यावर मी रोज तारीख घालून लिहायचो, कोणता रोग कुठे आहे, कोणती लस आली आहे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बाजाराच्या दिवशी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. तारीख एकदाही चुकली नाही.

* * *

अळी लागत नाही म्हणून कपाशीचं नवीन बीटी बियाणं आलं, त्या काळातली गोष्ट. सुखदेव म्हणून एक शेतकरी होता. बोलायला फटकळ, मनाने साफ. तो बैलाचा खूर दाखवायला आला. खूर पाहून झाला, तरी उठेना. खिशातून कपाशीचं किडकं बोंड काढून टेबलावर ठेवलं.

म्हणाला, "डॉक्टर, याले बी एक सुई मारा."

डॉक्टरांनी भिंग घेतलं. बोंड उलटंसुलटं करून पाहिलं. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ताप नाही. भूक चांगली आहे. अळी ठणठणीत आहे."

सगळे हसले. सुखदेवही हसला. पण जाताना ते बोंड त्याने परत खिशात घातलं. टाकलं नाही. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

* * *

पुढल्या आषाढात याच सुखदेवने बाजारातून बैलजोडी आणली. आणली त्याच दिवशी घटसर्पाची लस लावून घेतली. आठव्या दिवशी एका बैलाचा गळा सुजला. घरघर लागली. दुपारपर्यंत बैल गेला, दुसऱ्या दिवशी दुसरा. पेरणीची तिफण बांधावर तशीच उभी होती.

तो दवाखान्यात आला आणि लस लावली होती की नाही एवढंच विचारत राहिला. डॉक्टरांनी समजावलं की लसीला काम करायला दोन-तीन हप्ते लागतात.

सुखदेव म्हणाला, "मंग हे घटसर्पाले कोण सांगन? का बाबा, दोन हप्ते थांब?"

यावर कोणी हसलं नाही. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांच्या डोक्यात जे शिरलं ते तिथून शिरलं.

* * *

त्यांनी मला समजावलं ते असं. "जगदेवभाऊ, लस म्हणजे जनावराला भाकरी करायला शिकवणं. शिकेपर्यंत उपाशी. अँटिबॉडी म्हणजे तयार भाकरी. दिली की पोट भरलं."

मी म्हटलं, मग तीच द्या.

"ती लवकर शिळी होते. आठ-पंधरा दिवसांत संपते. मला पावसाळाभर पुरणारी पाहिजे."

सहा वर्षं त्यांनी त्यात घातली. मागच्या खोलीत चार मेंढ्या होत्या. त्यांना पुन्हा पुन्हा लस द्यायची, मग त्यांच्या रक्तातलं पाणी काढायचं. रोगाशी लढणारं जे काही असतं ते त्यात. ते पाणी कशात मिसळलं म्हणजे अंगात हळूहळू सुटेल, हा खरा प्रश्न. तेल झालं, डिंक झाला, नाना प्रकारचं जेल झालं. एकदा बैलाच्या मानेवर नारळाएवढी गाठ आली. मालक म्हणाला, "डॉक्टर, औषध तं आतच हाये. बाहेर येऊनच नाही राह्यलं." डॉक्टरांनी ते वहीत तसंच लिहून घेतलं. गाठ बसल्यावर त्या मिश्रणावर काट मारली.

शेवटी जमलं. एक सुई, चार महिने. पुण्याच्या एका लहान कंपनीने चाचणीपुरत्या बाटल्या बनवून दिल्या.

* * *

मग पेटंट हा शब्द आमच्याकडे आला. डॉक्टर सांगत होते, अर्ज त्यांच्या आणि कंपनीच्या नावावर मिळून करायचा. हक्क मिळाला म्हणजे कंपनी कारखान्यात पैसा घालणार.

सुखदेव दारातच बसला होता. तो म्हणाला, "बियाणं कंपनीचं झालं. आता बैलाचं रगत बी कंपनीचं काय?"

डॉक्टर चिडले नाहीत. कागद काढून त्याला दाखवला. त्यात त्यांनी अट घातली होती की एका सुईची किंमत बैलाला एका दिवसात लागणाऱ्या सरकीच्या ढेपेपेक्षा जास्त ठेवायची नाही. म्हणाले, "अर्धा हक्क माझा राहील तर ही अट राहील. हक्कच नसेल तर अट कशावर घालू?"

सुखदेवने कागद उलटा धरून पाहिला. म्हणाला, "तुमचं नाव हाये ना यात? मंग ठीक."

* * *

आता माझी गोष्ट.

डॉक्टर पुण्याला गेले होते. अर्जाचे कागद पक्के करायला पाच-सहा दिवस लागणार होते. जाताना म्हणाले, चाचणीच्या जनावरांचं तापमान लिहीत राहा. दुसरं काही सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, असं मी म्हणणार नाही. ते माझ्यावर विश्वास टाकून गेले होते.

इकडे गावात उठलं की त्या सुईत बीटीचं औषध आहे. जे बियाण्यात घातलं तेच बैलात घालतात, अळी मरते तसा बैल आतून झिजतो. कोणी उठवलं कळलं नाही. पण दोन दिवसांत लोकांनी नऊ जनावरं चाचणीतून काढून घेतली. तापमान घ्यायला गेलो तर गोठ्याचं दार लावून घ्यायचे.

बाजाराच्या दिवशी सकाळी सुखदेव आला. त्याचा नवा बैल चाचणीत होता. म्हणाला, "जगदेवराव, मी तुमाले वळखतो. मले फक्त सांगा, त्याच्यात काय हाये?"

मला राग आला. सहा वर्षं त्या मेंढ्यांचं मी केलं होतं. लपवायचं काय त्यात?

मी फळा पुसला. वर तारीख घातली. खाली सगळं लिहिलं. मेंढीला लस किती वेळा, रक्तातलं पाणी कसं काढायचं, जेल कशाचं, दोन्हींचं प्रमाण काय, किती गरम करायचं, सुई मानेच्या कोणत्या जागी. शेवटी लिहिलं, यात दुसरं काही नाही. अकरा ओळी झाल्या.

दिवसभर लोक वाचत होते. सुखदेवला वाचता येत नव्हतं, त्याने दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि बाकीच्यांना ऐकवलं. संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ जनावरं चाचणीत परत आली. एका साप्ताहिकाचा वार्ताहर बाजारात होता. त्याने मला फळ्याशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. मी टोपी सारखी करून छाती काढून उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी पुण्यात डॉक्टरांचा अर्ज दाखल झाला.

ते परत आले तेव्हा मी तो छापलेला फोटो काचेत मढवून भिंतीला लावला होता. डॉक्टर बराच वेळ त्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, कौतुकाने पाहतात. मग खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं. एवढंच म्हणाले, "अक्षर सुंदर आलं आहे."

* * *

नियम असा की अर्ज करण्याआधी ती गोष्ट चारचौघांत उघडी झालेली नसावी. झाली असेल तर हक्क मिळत नाही. हे मला दोन वर्षांनी कळलं. दुसऱ्या एका कंपनीने हरकत घेतली आणि तिच्यासोबत माझा फोटो जोडला.

सुनावणीला मुंबईला बोलावलं. बाहेर टपरीवर आमच्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पेपर अर्जानंतर छापलेला आहे. फोटोत फळ्यावरची तारीख दिसत नाही, ती तुमच्या खांद्यामागे गेली आहे. वार्ताहर सापडत नाही. म्हणजे तुम्ही सांगाल तीच तारीख. चार दिवस पुढची सांगा, काम झालं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "त्यांना काही शिकवू नका. ते चौथी शिकले आहेत, तेवढं पुरे आहे."

वकील उठून आत गेले. आम्ही दोघं बसलो. डॉक्टर माझ्याकडे पाहत नव्हते. मी समजलो की ते मला मोकळं सोडतात. काय सांगायचं ते माझ्यावर.

आत एक अधिकारी बाई होत्या. मऊ बोलल्या. "बाबा, हे तुम्ही कधी लिहिलं?"

सांगितलं, बाजाराच्या दिवशी सकाळी. तारीखही सांगितली.

"दोन वर्षं झाली. नक्की आठवतं?"

मी म्हटलं, "बाई, माझी तारीख चुकत नसते."

त्यांनी लिहून घेतलं. आमच्या पुण्याच्या कंपनीचे साहेब मागे बसले होते, त्यांनी फाईल मिटली. चहा ओतायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

खरं बोललो याची मला लाज नाही. ज्या तोऱ्यात बोललो त्याची आहे.

* * *

येताना एसटीत डॉक्टर खिडकीशी बसले होते. सिंदखेडराजा मागे पडलं. मग स्वतःशीच हसले.

"जगदेवभाऊ, आमचा अर्ज चाळीस पानांचा होता. तो वाचून त्या बाईंना काही कळलं नाही असं त्या स्वतः म्हणाल्या. तुमच्या अकरा ओळी वाचल्या आणि सगळं कळलं."

मी म्हटलं, "डॉक्टर, शिवी द्या एखादी."

ते म्हणाले, "कशाला? नऊ जनावरं परत आली होती ना?"

मेहकरला उतरून त्यांनी माझी पिशवीही स्वतः उचलली. मी ओढून घ्यायला गेलो तर दिली नाही. शिवी परवडली असती.

* * *

कंपनीने काम बंद केलं. हक्क नाही तर पैसा कोण घालणार? आता ते औषध कोणीही बनवू शकतो, कोणाची परवानगी लागत नाही. कोणीच बनवत नाही. डॉक्टरांनी दोन-तीन ठिकाणी पत्रं घातली. एकाने उत्तर दिलं की कल्पना उत्तम आहे. डॉक्टर ते उत्तर मला वाचून दाखवत आणि म्हणत, "बघा, उत्तम आहे."

मेंढ्या विकल्या. मागची खोली धुतली. तो फोटो मी उतरवला. भिंतीवर चौकोन राहिला, त्यावर चुना मारला.

* * *

शेवटचा किस्सा सुनावणीनंतर आलेल्या पावसाळ्यातला.

फ्रीजमध्ये चाचणीच्या अकरा बाटल्या उरल्या होत्या. एक बाटली, एक बैल. कंपनीचं पत्र आलं की काम बंद झालं आहे, उरलेला माल वापरायचा नाही. साहेब स्वतः येऊन मोजून नेतील आणि नष्ट करतील.

ते आले त्याच दिवशी पलीकडच्या गावात घटसर्प निघाला. दोन बैल सकाळीच गेले होते. त्यांच्या गोठ्यातले, शेजारच्या गोठ्यातले चांगले बैल लोक आमच्या दारात घेऊन आले. पेरणी तोंडावर. लस लावली तर दोन हप्ते. ते सगळ्यांना माहीत होतं. कोणी काही मागितलं नाही, नुसते कासरे धरून उभे राहिले.

तेवढ्यात जीप आली. हे तेच साहेब, सुनावणीला मागे बसलेले. आत आले, वही काढली आणि बाटल्या दाखवा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "फुटल्या."

"सगळ्या?"

"हो. काढताना ट्रे पडला."

डॉक्टरांना खोटं बोलता येत नव्हतं. कान लाल झाले होते. साहेबांनी फ्रीजकडे पाहिलं. दारातून बाहेरच्या बैलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"बाबा, तुम्ही सांगा. फुटल्या?"

मी म्हटलं, "हाव. माह्याच हातानं."

"कधी?"

"काल सकाळी."

"काचा?"

"खड्डा करून पुरल्या. जनावराच्या पायात गेल्या असत्या."

साहेबांनी वही उघडली. मग पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही म्हणता तर मी लिहितो," म्हणाले, आणि लिहिलं. मला सही करायला सांगितली. मी खाली तारीखही घातली.

जीप वळणापलीकडे गेली. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या. मी बाहेर जाऊन पहिल्या बैलाची वेसण धरली.